वसतिगृहातील जाळीघर

स्मरणिकेत संस्थेच्या इमारती, ग्रंथालय, निकाल आणि मान्यवरांच्या भेटी यांची नोंद होतेच, आणि ती व्हायलाही हवी. तथापि वसतिगृहाच्या मागील अंगाला, स्वयंपाकघर आणि परसबाग यांच्या मध्ये, गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापूर्वी जी जाळीची वास्तू उभी राहिली, तिच्याविषयी भेटीस येणारे माजी विद्यार्थी आवर्जून विचारतात. मुले तिला जाळीघर म्हणतात. आत चोवीस कोंबड्या आहेत. शिक्षणसंस्थेत कोंबड्या कशासाठी, आणि त्यातही बौद्ध संस्थेत कशासाठी, असा तो प्रश्न असतो. हा प्रश्न आपल्याच माणसांचा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे आम्हाला अगत्याचे वाटते.

प्रथम निकड सांगावी. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबला आणि अंडी द्यावयाची असल्यास ती लोकसहभागातून द्यावीत, असे ठरले. आपल्या वसतिगृहात ऐंशी मुले-मुली राहतात. त्यांतील अनेकांचे आईवडील ऊसतोडीला अथवा वीटभट्टीवर जातात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. वाढत्या वयाच्या मुलाच्या ताटातून ते एक अंडे जाणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

हिशोब मुलांनीच फळ्यावर मांडला. गावरान कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. परसातील पालनासाठी तयार केलेल्या सुधारित जातींची कोंबडी त्याच्या दुप्पट आणि अधिकही देते. वर्षाला सरासरी १८० अंडी धरली, तर चोवीस कोंबड्यांची ४३२० अंडी होतात, म्हणजे आठवड्याला ८३. ऐंशी मुलांना आठवड्यातून एक अंडे मिळावे, एवढीच ती संख्या आहे. कोल्हापुरात पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र असल्याने जातींविषयीची माहितीही जवळच मिळाली.

हिशोब सोपा होता. अडचण निराळ्याच ठिकाणाहून आली, आणि ती योग्य ठिकाणाहून आली.

पालकसभेत योजना मांडली तेव्हा मागच्या रांगेतून एक आजोबा उठले. ते म्हणाले, "गुरुजी, आमी जल्मभर दुसऱ्याच्या दारातली घाण काडली. नातवाला हितं बुकं वाचाय धाडलंय, कोंबड्यांची घाण काडाय न्हवं." सभेत शांतता पसरली. इतिहास शिकविणाऱ्या आम्हाला त्या एका वाक्यात शंभर वर्षांचा दस्तऐवज ऐकू आला. उत्तर त्या क्षणी देणे आम्हाला उचित वाटले नाही. "आजोबा, तुमच्या म्हणण्यावर विचार केल्यावाचून एकही खांब रोवणार नाही," एवढेच आम्ही म्हणालो.

विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, कोंबडी आणि आपला समाज यांचे नाते जुने आणि गुंतागुंतीचे आहे. मनुस्मृतीने पाचव्या अध्यायात गावकोंबडा द्विजांना निषिद्ध ठरविला आणि दहाव्या अध्यायात चांडाळाचे धन म्हणजे कुत्री आणि गाढवे, असे लिहून ठेवले. कोणी काय खावे आणि कोणी काय बाळगावे, दोन्हीचा निवाडा एकाच ग्रंथात आहे. तो ग्रंथ बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जाळला गेला, हे आपणांस सांगावयास नको. परंतु ग्रंथाबाहेरच्या गावगाड्यात कोंबडी हीच अनेक घरांची एकमेव फिरती पुंजी होती. जमीन नव्हती, म्हैस परवडत नव्हती. दाराशी डालगे आणि त्याखाली चार कोंबड्या एवढेच होते. वेठीच्या काळात तीही पुंजी हक्काची नसे. दौऱ्यावरचा अंमलदार आला की लाकूडफाटा आणि दूध यांबरोबर कोंबडीही उचलली जाई, आणि मोबदल्याचे नाव काढता येत नसे.

आपल्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने रद्द केली आणि पुढे वेठीलाही आळा घातला. त्यानंतर मार्च १९२० मध्ये शेजारच्या माणगावी परिषद भरली. शिरोळ तालुक्यातील आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने हे परिवर्तन जवळून अनुभवले. गावकीची कामे सोडा, हा संदेश त्यांनी अंगी बाणविला, म्हणून आम्ही आज खडू हातात धरून आहोत. सभेतील आजोबांचा आक्षेप त्याच संदेशातून आलेला होता. त्यास जुनाट म्हणणे हा कृतघ्नपणा ठरला असता.

तथापि त्याच इतिहासाची दुसरी बाजूही आम्हाला ठाऊक होती. आमच्या पिढीतील कित्येकांची पहिली पाटी, पहिली वही आणि परीक्षेची फी अंड्यांच्या पैशांतून आली. घरातील इतर सर्व मिळकत पुरुषांच्या हाती असे. अंडी मात्र आईची असत. खुडूक झालेली कोंबडी रवणीवर कधी बसवावी, एकविसाव्या दिवशी पिल्ले कशी पाहावीत, मानमोडीची साथ आली की कोणती कोंबडी वेगळी ठेवावी, हे सारे ज्ञान तिचे होते. हे ज्ञान घाण म्हणून टाकून द्यावे, की त्याचा सन्मान करावा? बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात जात म्हणजे श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे दाखवून दिले. तेव्हा दोष कोंबडीत नाही, खराट्यातही नाही. खराटा कोणाच्या हाती कायमचा दिला जातो, आणि त्या कष्टाचे फळ कोणाच्या ताटात पडते, यात तो आहे.

या विचारातून जाळीघराची उंची ठरली. ही गोष्ट वाचकांना चमत्कारिक वाटेल, म्हणून स्पष्ट करतो. जुने खुराडे कमरेइतकेच असते. त्यात मोठ्या माणसाला शिरता येत नाही. त्यामुळे शीट काढावयाची, कोपऱ्यातले अंडे आणावयाचे, मेलेली कोंबडी बाहेर ओढावयाची, की घरातील सर्वांत लहान मुलाला आत घातले जाते. वसतिगृहात असे खुराडे बांधले असते, तर पाचवी-सहावीची मुले आत आणि आम्ही शिक्षक बाहेर उभे राहून सूचना देणारे, असाच क्रम पडला असता. म्हणून छत साडेसहा फुटांवर घेतले. कोणत्याही प्रौढ माणसाला ताठ उभे राहून आत काम करता येते, आणि त्यामुळे ते काम टाळण्यास त्याला सबबही उरत नाही.

पाळी लावली. सोमवारी मुख्याध्यापक, मंगळवारी आम्ही, बुधवारी कार्यालयातील कर्मचारी, याप्रमाणे आठवड्याचे सातही दिवस. प्रत्येकासोबत दोन मुले आणि दोन मुली. शिक्षकाने स्वतः खराटा धरल्यावाचून मुलांनी आत यावयाचे नाही. आणि एक नियम दारावरच रंगवून घेतला: जाळीघरातील काम कोणासही शिक्षा म्हणून दिले जाणार नाही.

आता बांधणीविषयी, कारण अनेक पालकांनी घरी असे काही उभारण्याचा मनोदय व्यक्त केला आहे. बाहेरच्या वावरासाठी प्रत्येक कोंबडीस दहा चौरस फूट धरले, म्हणून चोवीस फूट लांब आणि दहा फूट रुंद जागा घेतली. तिला लागून रात्रीच्या निवाऱ्याची आठ फूट बाय सहा फुटांची खोली आहे. पाच कोंबड्यांमागे एक याप्रमाणे अंडी घालण्याचे पाच खण आहेत. खांब जस्ती पाइपचे आहेत. वेल्डिंगचे सर्व काम जयसिंगपुरात व्यवसाय करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने मजुरी न घेता केले.

जाळीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाजारात मिळणारी षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, परंतु कुत्र्याला आणि मुंगसाला बाहेर ठेवत नाही. म्हणून जमिनीपासून तीन फुटांपर्यंत अर्ध्या इंचाची वेल्डमेश आणि त्यावर हलकी जाळी लावली. घूस आणि मुंगूस कडेने उकरून आत येतात. त्यासाठी वेल्डमेशचा दीड फुटाचा पट्टा बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवा पसरून त्यावर दगड दाबले. घार आणि शिक्रा यांच्यासाठी वरही जाळी आहे, आणि एक तृतीयांश भागावर पत्रा असल्याने ऊन-पाऊस दोन्ही अडतात. दार तीन फूट रुंद आहे, म्हणजे खताची ढकलगाडी थेट आत जाते. आणि ते आतल्या बाजूस उघडते, म्हणजे दाराशी जमलेल्या कोंबड्या बाहेर न पळता मागे सरतात.

शिरोळ तालुक्यात बांधकाम करणाऱ्याने पाण्याचा विचार प्रथम करावा. कृष्णा-पंचगंगेचा संगम येथून जवळच आहे, आणि २००५, २०१९ व २०२१ हे महापूर आपण सर्वांनी पाहिले आहेत. पुराच्या धावपळीत जनावरे हलविली जातात. डालग्याखालच्या कोंबड्यांची आठवण पाणी दारात आल्यावर होते. म्हणून जाळीघराची जागा मुरूम टाकून दीड फूट उंच केली, कारण काळ्या मातीत चार पावसांतच चिखल होतो आणि चिखलातून रोग येतात. निवाऱ्याची खोली त्याहून उंच ओट्यावर आहे. भिंतीला चार प्लॅस्टिकचे क्रेट टांगलेले असतात. पुराचा इशारा मिळताच प्रत्येकी सहा कोंबड्या भरून त्या वरच्या मजल्यावर न्यावयाच्या. याची रंगीत तालीम मुलांनी दोनदा केली असून आता त्यांना त्यासाठी अकरा मिनिटे पुरतात.

आत भाताचे तूस आणि भुईमुगाची टरफले अंथरतो. उसाचे पाचट फुकट मिळते, परंतु ओले झाल्यास त्यास बुरशी येते आणि ती कोंबड्यांच्या फुप्फुसांत जाते, म्हणून ते वापरीत नाही. कोंबडखत ताजे घातल्यास रोपे जळतात. ते खड्ड्यात चार महिने कुजवून मगच परसबागेस देतो. मानमोडी आणि देवी यांची लस टोचलेल्या आठ आठवड्यांच्या तलंगाच आम्ही आणल्या, आणि पुढील लसींच्या तारखा वहीत लिहिलेल्या आहेत.

राहिला शीलाचा प्रश्न. एका उपासकांनी विचारले की, पाणातिपातापासून विरत राहण्याचे शील आपण रोज सकाळी ग्रहण करतो, मग हे कसे? प्रश्न गंभीर होता आणि त्यावर संस्थेच्या बैठकीत दोन वेळा चर्चा झाली. जाळीघरात कोंबडा ठेवलेला नाही, त्यामुळे अंड्यांत जीव धरत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गरजेपोटी होणारी हत्या आणि हत्येची इच्छा यांत भेद केला आहे, आणि अहिंसा हे तत्त्व म्हणून समजावून सांगितले आहे. त्या भेदाचा आधार घेऊन म्हाताऱ्या कोंबड्या विकाव्यात, असे काहींचे मत पडले. अंडी देणे साधारण दोन वर्षांनी घटते, आणि एका कोंबडीस दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य लागते, हा व्यवहारही खोटा नव्हता. परंतु येथे मुले राहतात. उपयोग संपला की जीव काढून टाकावा, हा धडा त्यांना आम्ही नकळत देऊ नये, असे अखेर ठरले. कष्ट करून वाकलेल्या माणसांना ज्यांनी निरुपयोगी ठरविले, त्यांचा अनुभव आपल्या घरोघरी आहे. म्हणून कोंबड्या येथेच म्हाताऱ्या होतील. दरवर्षी जेवढ्या जागा रिकाम्या होतील तेवढ्याच नव्या तलंगा येतील, आणि अंडी कमी पडतील तेव्हा ती विकत घ्यावी लागतील. हा खर्च आम्ही डोळे उघडे ठेवून पत्करला आहे.

पहिले अंडे सापडल्यापासून वही ठेवलेली आहे. तारीख, अंडी, खाद्य, आजारी कोंबडी आणि पाळीवरील व्यक्तींच्या सह्या असे तिचे रकाने आहेत. सातवीची मुले सरासरी त्यावरूनच शिकतात. आमच्या आयांनी आयुष्यभर अंडी मोजली, परंतु त्यांचा हिशोब कोणी लिहून ठेवला नाही. त्यांच्या नातवंडांच्या अक्षरातील ही वही आम्हाला म्हणून मोलाची वाटते.

बांधणी अर्ध्यावर असताना सभेतील ते आजोबा नातवाला भेटावयास आले होते. आम्ही त्यांना आत नेले. त्यांनी पाळीचा तक्ता नातवाकडून वाचवून घेतला, मुख्याध्यापकांचे नाव दोनदा वाचावयास लावले, आणि मग निवाऱ्याच्या खोलीकडे वळून म्हणाले, "बसाय लोखंडी दांडी घालू नगासा. उन्हाळ्यात तापती. बाभळीची घाला." पुढच्या आठवड्यात दोन सोललेल्या बाभळीच्या दांड्या घेऊन ते स्वतःच आले. आज चोवीस कोंबड्या त्याच दांड्यांवर रात्र काढतात.

माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहात आल्यावर जाळीघर अवश्य पाहावे. मंगळवारी आलात तर आम्ही आतच भेटू, आणि भिंतीला आणखी एक खराटा टांगलेला असतो.