लोकरीची पानं

कोणी गच्चीवरची बाग बघायला आलं की आधी फुलं शोधतं, आणि आमच्याकडे जरा हिरमुसतं. इथली झाडं बघायची कमी, चाचपायची जास्त.

पहिला मान पांडा प्लांटचा. शास्त्रीय नाव कलांचो टोमेंटोसा, मूळ गाव मादागास्कर. राखाडी मांसल पान, वर मखमली लव, कडेला तपकिरी ठिपके. ही लव नुसती शोभेची नव्हे बरं का! ती ऊन परतवते, पानालगतची हवा धरून ठेवते, म्हणून पानातलं पाणी सहजी उडत नाही. शिवाय हे झाड आपली पर्णरंध्रं मुख्यतः रात्री उघडतं. दिवसा दारं बंद!

पण उन्हात तारणारी लव पुण्याच्या पावसात नडते. पान भिजलं की ओल धरून बसते, आणि मुळाशी पाणी साचलं तर बुंधाच कुजतो. म्हणून जून ते सप्टेंबर कुंड्या वळचणीला. मातीत निम्मी जाडी वाळू आणि विटांचा चुरा. पाणी माती सुकल्यावरच, तेही कडेनं.

गच्चीवर पूर्वी गुलाब होते, हिच्या हौसेचे. हिला काचबिंदू निघाला. त्यात गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली सांभाळायची. कडेचं दिसेना, काटे हाताला लागू लागले. गुलाब देऊन टाकले त्या दिवशी ही जेवली नाही. त्याबद्दल आम्ही अजून बोलत नाही. असो.

पांडा आणला तो त्यानंतर. लवेत पिठ्या ढेकूण लपतो, मला चष्मा लावूनही सापडत नाही. ही मात्र पानाखालून बोट फिरवते आणि म्हणते, "अहो, इथे चिकट लागतंय." मग मी स्पिरिटचा बोळा घेऊन हजर! गळलेली पानंही तीच वेचते, चार दिवस सुकवून वाळूवर ठेवते, त्यांना मुळं फुटतात. आता सतरा कुंड्या झाल्यात.

सध्या तिला लॅम्ब्स इअर हवंय. हे तुळशीच्या कुळातलं, तुर्कस्तान-इराणकडचं, पान अगदी कोकराच्या कानासारखं. दमट हवेत ते सडतं, हे मी तिला दोनदा समजावलं. "हिवाळाभर तर राहील ना?" म्हणाली. बी मागवलंय, ऑक्टोबरात पेरू.