बाबा, बेसमेंट आणि पत्र्याचं सॉफिट

गेले तीन वीकेंड बेसमेंटमध्ये गेले. न्यू जर्सीतल्या बहुतेक घरांसारखंच आमचंही बेसमेंट: छताखाली हीटिंगचा भलामोठा डक्ट आणि त्याच्या बाजूने धावणारे पाइप. ते झाकायला जी खोटी पेटी बांधतात, तिला सॉफिट म्हणतात. सांगाडा करायचा, त्यावर ड्रायवॉल ठोकायची, रंग द्यायचा. संपलं! (असं वाटलं होतं.)

बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस. त्यामुळे सांगाडा लाकडाचाच होणार हे मी गृहीत धरलं आणि टू-बाय-टू घेऊन आलो. बाबांनी एक पट्टी उचलली, एक डोळा मिटून तिच्या कडेवरून पाहिलं आणि खाली ठेवली.

"ओलं आहे रे. पिळणार हे."

आणि खरंच, आठवड्याभरात निम्म्या पट्ट्या पिळल्या. इथलं साधं बांधकामाचं लाकूड 'ड्राय' म्हणून विकतात, पण त्यात 19 टक्क्यांपर्यंत ओल चालते. ते घरातल्या कोरड्या हवेत आलं की आकसतं.

मग मीच भीतभीत स्टील स्टडचं काढलं. सुताराच्या मुलाने पत्रा आणायचा म्हणजे... बाबा म्हणाले, "आण की! सरळ असल्याशी मतलब."

25 गेजचा पत्रा. यू आकाराचा तो ट्रॅक, सी आकाराचा तो स्टड. एक ट्रॅक छताच्या जॉइस्टना, एक भिंतीला. दर 16 इंचांवर स्टडचे तुकडे आणि त्यांच्या खाली आणखी एक ट्रॅक. डक्टच्या बाजूची उभी चौकट जमिनीवरच जोडली आणि दोघांनी उचलून लावली. सत्तरीच्या बाबांनी ती एका हाताने धरली. नुसती असताना ती लडबडते, ड्रायवॉल चढली की ताठ होते. त्यासाठी स्क्रू मात्र बारीक आट्यांचे लागतात, लाकडाचे जाड आट्यांचे चालत नाहीत. आणि हातमोजे! मी पहिल्या दिवशी घातले नव्हते. असो.

आता खरी गोम. स्टील जळत नाही, म्हणून आगीचा विचारच केला नाही. इन्स्पेक्टरने टॉर्च मारला आणि भिंतीची फ्रेम व काँक्रीट यांच्यातली फट दाखवली. ती थेट सॉफिटच्या पोकळीत उघडत होती. भिंतीत लागलेली आग त्या वाटेने आख्ख्या छताखाली पसरते, मग सांगाडा लाकडाचा असो की स्टीलचा. भिंतीची उभी पोकळी सॉफिटच्या आडव्या पोकळीला मिळते तिथे फायरब्लॉक हवाच. आम्ही नापास.

मी चिडलो होतो. पुन्हा सगळं उघडा! बाबा शांतपणे म्हणाले, "अरे, वर आम्ही झोपतो ना?"

पोरीची खोलीही बरोब्बर वरच आहे. मी गप्प.

काही पट्ट्या सोडवून फटीत मिनरल वूल घट्ट बसवलं. बाबांनी ते ब्रेडच्या करवती सुरीने मापात कापलं, एकही तुकडा वाया न घालवता. दुसऱ्या खेपेला पास झालो.

तुम्ही करणार असाल तर आधी फट बुजवा, मग सॉफिट बांधा. पिळलेल्या पट्ट्यांचं बाबांनी नातीसाठी स्टूल केलंय. ते अजिबात डुगडुगत नाही.