लाल दोरा

पोटात घ्यायचे औषध आणि अंगाला चोळायचे औषध, दोन्ही आपल्या घरी एकाच फडताळात नांदतात. सांधेदुखीवरचे शुद्ध विंटरग्रीन तेल घ्या. वास गोड; पण त्याच्या 5 मिलिलिटरमध्ये सुमारे 7 ग्रॅम सॅलिसिलेट असते, म्हणजे ॲस्पिरिनच्या 325 मिलिग्रॅमच्या 20 हून अधिक गोळ्यांइतके! एवढा एक चमचा बालकाचे प्राण घेऊ शकतो. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. ती अशा बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधी. अंधारातही तिची बोटे चुकत नसत. तरीही कुणी चुकून प्यायलेच, तर वांती करवू नये. लक्षणांची वाट न पाहता बाटलीसह रुग्णालय गाठावे. चमचा कुणी भरला, हे विचारण्यात घटका दवडू नये.