हिला विचारलंत का?

धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मल्यावर तो रडायला उशीर झाला, मेंदूला प्राणवायू कमी पडला. आईबाबांच्या वाट्याला डॉक्टर, कॅलिपर आणि नवस आले. माझ्या वाट्याला ‘शहाणी मुलगी’ हे पद. अंगात ताप असला तरी सांगायचा नाही, हे मला शिकवावं लागलं नाही.

थेरपी केंद्रात एक समाजसेविका ताई होत्या. आई भावाचे ताठलेले पाय सैल करायला शिकत होती, मी बाकावर. ताईंनी एकदम विचारलं, “तुला राग नाही येत गं त्याचा?” आई चपापली. मी म्हटलं, “येतो.” “यायचाच,” त्या म्हणाल्या. पुढे उपदेश नाही, काही नाही.

आईला जो तो सांगे, आता स्वीकार कर. हा सल्ला देणाऱ्यांचा मला अजून संताप येतो. सायमन ओल्शान्स्की या अमेरिकी अभ्यासकाने बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या आईवडिलांबद्दल 1962 मध्येच लिहिलं होतं, की त्यांचं दुःख सरत नाही, आणि तो आजार नव्हे, साहजिकच आहे. ताई वागत तशाच. बरोबरीच्या कुणाची मुंज निघाली की आई नव्याने ढासळायची. “आज व्यायाम राहू द्या, चहा घेऊ,” एवढंच त्या म्हणत. बाबा ओव्हरटाइममध्ये लपायचे. त्यांच्याकडे ताईंनी भावाची रविवारची आंघोळ सोपवली. बाबा बोलू लागले ते आधी न्हाणीघरात, भावाशी. आईशी बऱ्याच उशिरा.

भाऊ अठरा वर्षांचा झाला. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार त्याच्यासाठी पालक नेमून घ्यायचा होता. आईबाबांचा अर्ज तयार होता. “आणि आमच्यानंतर ही आहेच,” आई सहज बोलून गेली.

“हिला विचारलंत का?” ताई म्हणाल्या.

कुणीच विचारलं नव्हतं. मी वेळ मागितला आणि बंगळुरूची नोकरी धरली. आईने अबोला धरला. तो ताईंनी कसा सोडवला, दोघींपैकी कुणी मला सांगितलेलं नाही.

परत आले तेव्हा हो म्हटलं, पण कागदावर अटी घालून. चांगल्या निवासी संस्थेचा पर्याय खुला ठेवायचा. त्यासाठी पैसे आत्तापासून बाजूला काढायचे. ताई तोवर निवृत्त झाल्या होत्या. कागद वाचून म्हणाल्या, “हिच्या सुट्ट्यांचं काय?”

ती अट आईने स्वतःच्या हाताने लिहिली.