खडू विद्यार्थ्याच्या हाती

शेवटच्या वर्षाला मी डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स शिकवते. त्यातला राफ्ट अल्गोरिदम मात्र मुलंच वर्गाला शिकवतात. पाच सर्व्हर आहेत, त्यांतले दोन कधीही बंद पडतील, निरोप उशिरा पोचतील किंवा वाटेतच हरवतील. तरी प्रत्येकाच्या लॉगमध्ये त्याच नोंदी त्याच क्रमाने लागल्या पाहिजेत. हे जमवायचं कसं, याचं एक उत्तर म्हणजे राफ्ट.

हाच भाग मुलांकडे द्यायला कारण आहे. याच कामासाठी लेस्ली लॅम्पोर्ट यांचा पॅक्सॉस आधीपासून होता, पण तो भल्याभल्यांच्या डोक्यावरून जायचा. स्टॅनफर्डचे डिएगो ओंगारो आणि त्यांचे मार्गदर्शक जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये राफ्ट मांडला, तो समजायला सोपा असला पाहिजे ही अट स्वतःला घालूनच. दोन विद्यापीठांतल्या ४३ विद्यार्थ्यांना दोन्ही अल्गोरिदम शिकवून त्यांनी परीक्षा घेतली. ३३ जणांना राफ्टचे प्रश्न अधिक चांगले सुटले. शिकणाऱ्याला किती कळलं हेही अल्गोरिदमच्या पारड्यात टाकलं गेलं, याचं मला फार अप्रूप आहे.

शिकवणाऱ्यांना पीपीटीची परवानगी नाही. फळा, खडू आणि सर्व्हर म्हणून उभी केलेली पाच मुलं, एवढंच. आधी माझ्यासमोर तालीम होते, तेव्हा मी एकच विचारत राहते, "हे नसतं तर काय बिघडलं असतं?" नोंदी बाकीच्यांकडे पोचवणारा सर्व्हर म्हणजे लीडर; त्याचा हार्टबीट, म्हणजे 'मी चालू आहे' हा ठरावीक वेळाने येणारा निरोप, थांबला की इतर सर्व्हर १५० ते ३०० मिलिसेकंदांमधला कुठलातरी यादृच्छिक वेळ वाट बघतात आणि मग निवडणुकीला उभे राहतात. पाठांतर करणारा हे आकडे घडाघडा सांगतो. ज्याला शिकवायचंय तो सगळ्यांना एकच वेळ देऊन बघतो. मग सगळे एकदम उभे राहतात, जो तो स्वतःलाच मत देतो आणि लीडर निवडलाच जात नाही. ही कोंडी वर्गात घडवून दाखवली की आकडे नंतर सांगितले तरी चालतात.

यंदा शिकवणाऱ्या मुलीने फळ्यावर लिहिलं, "नोंद बहुमताकडे पोचली, की पक्की." मागच्या बाकावरून प्रश्न आला, "अगं, पण ती नोंद आधीच्या टर्ममधली असेल तर?" टर्म म्हणजे निवडणुकीगणिक वाढत जाणारा कार्यकाळाचा क्रमांक. मुलगी थांबली. मी शेवटच्या बाकावर होते. अशा वेळी तोंड न उघडणं हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग. तिने पाच लॉग पुन्हा आखले. पहिला सर्व्हर चौथ्या टर्ममध्ये लीडर झाला आणि आपली दुसऱ्या टर्मची जुनी नोंद त्याने तिसऱ्यापर्यंत पोचवली. तीन जणांकडे ती आली, म्हणजे बहुमत झालं. तेवढ्यात तो पडला. पाचव्याकडे तिसऱ्या टर्मची वेगळी नोंद होती. त्याच्या लॉगमधली शेवटची टर्म मोठी, म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याने त्याला मत दिलं आणि त्याने ती 'पक्की' नोंद पुसून टाकली. म्हणून लीडर फक्त स्वतःच्या टर्मची नोंद मोजून पक्की करतो. जुन्या नोंदी तिच्यासोबत आपोआप पक्क्या होतात. तिने आपलं वाक्य खोडलं आणि हे लिहिलं.

मी हे सांगितलं असतं तर पाच मिनिटांत आटपलं असतं, आणि त्यातली अडचण कुणाच्या लक्षातही आली नसती. इतकी वर्षं हा भाग हाताळून मला तो सपाट वाटू लागलाय. तिला मात्र पाय कुठे अडखळला होता ते ताजं आठवत होतं.

सगळंच मी मुलांवर सोपवत नाही. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांचा १९८५ चा अशक्यतेचा निष्कर्ष मी स्वतः शिकवते. निरोप कितीही रेंगाळू शकत असतील, तर एक जरी प्रोसेस बंद पडण्याची शक्यता असली तरी ठरीव पायऱ्यांच्या अल्गोरिदमने एकमत होईलच अशी हमी देता येत नाही. ती सिद्धता पाच मुलं उभी करून दाखवता येत नाही, आणि तिच्यातली चूक आत्मविश्वासाने सांगितली गेली तर वर्गात कुणाला पकडता येणार नाही.

राफ्ट शिकवणाऱ्यांना गुण देताना मी त्यांच्या भाषणाची टिपणं ठेवत नाही. ऐकणाऱ्यांनी काय काय विचारलं ते लिहून घेते, आणि गुण त्यावरून देते.