भिंगांची आंघोळ

गेल्या दिवाळीत वसुबारसेला आमची पुतणी पुण्याहून करडीला आली. रात्री तिने डोळ्यांतली भिंगे काढून डबीतल्या कालच्याच औषधात टाकली, वरून बाटलीतले चार थेंब सोडले नि म्हणाली, "झाली धुऊन! घासायला नको काका, बाटलीवरच लिहिलंय."

"चिंच लावून घासल्याशिवाय तांब्या उजळलेला मी तरी पाहिला नाही," स्वयंपाकघरातून ही म्हणाली.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पोरीचा डोळा लालभडक! भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी (काय सांगावे!) हिचीच बाजू घेतली. औषध जंतू मारते. पण अश्रूंतला चिकटा भिंगाला धरून बसतो, तो चोळल्याशिवाय नीट सुटत नाही. हात धुऊन, कोरडे करून, तळहातावर बोटाने हलके चोळावे, औषधाने खळाळावे, मग ताज्या औषधात भिजत ठेवावे. शिळ्यात ताजे मिसळले की त्याची ताकद उतरते. आणि विहिरीचे पाणी? मुळीच नको. पाण्यातला अकँथअमीबा दृष्टीच घालवू शकतो. त्याच्यापायी २००७ साली अमेरिकेत एक नावाजलेले औषध बाजारातून परत घ्यावे लागले होते.

पुतणीचे थोडक्यात निभावले. भाऊबिजेच्या फोटोत ती जुन्या चष्म्यात आहे, रुसलेली. मागे कोनाड्यात तिची डबी पालथी वाळत घातलेली दिसते.