वहिवाट

माझ्या घरी आलेल्या तंबोऱ्याची कायदेशीर स्थिती मोठी चमत्कारिक आहे. बावीस वर्षे त्याची मालकी माझ्या मित्राची आणि वहिवाट माझी होती. म्हणजे खुंट्या पिळण्यापासून गवसणी चढवण्यापर्यंतचे सारे सोपस्कार मी करावेत, मैफलीत त्याच्या पाठीशी बसून तीन-तीन तास तारा छेडाव्यात आणि गाणे मात्र त्याने गावे, असा आमचा अलिखित करार होता. त्याचे तेरावे झाल्यावर वहिनींनी मला बोलावून घेतले. म्हणाल्या, "भावजी, हा तुम्ही घेऊन जा. घरात वाजवणारं कुणी नाही, आणि गवसणी घालून कोपऱ्यात उभा असला की मला उगाच वाटतं, आता हे बाहेर निघायच्या तयारीत आहेत." ना मृत्युपत्र, ना साक्षीदार, खांद्यावर तंबोरा घेऊन मी भर दुपारी रस्त्याने निघालो आणि मालक झालो.

तंबोरा वाजवण्यात कसले आले आहे कौशल्य, असे पुष्कळांना वाटते, आणि त्यांचा तो समज मी कधी खोडून काढीत बसलो नाही. मधल्या बोटाने पंचम, तर्जनीने जोडाच्या दोन तारा आणि शेवटी खर्ज. तारेवर नख लागू द्यायचे नाही, बोटाच्या मांसल कडेने ती नुसती सोडून द्यायची. इतकेच काय ते शास्त्र. अवघड आहे ते समोर तबल्याचा ठेका रंगात आला असता आपल्या बोटांना त्याच्यामागे धावू न देणे. तंबोऱ्याने तालात शिरायचे नाही, आणि दोन छेडांमध्ये पोकळीही राहू द्यायची नाही. खर्जाची पितळी तार नेमकी लागली म्हणजे तिच्यातून, कोणीही न छेडलेला, असा एक गंधार आपोआप उमटू लागतो; त्याला गवई मंडळी स्वयंभू गंधार म्हणतात. तो उमटला की माझा मित्र मान किंचित डावीकडे झुकवी. त्याने मागे वळून असे कधी पाहिले नाही. त्याची मान, कानाच्या पाळ्या आणि सदऱ्यावर पसरत जाणारा घाम यांवरून कोणता स्वर त्याला जड जातो आहे हे मी सांगू शकलो असतो. परंतु गाताना त्याचा चेहरा कसा दिसे, हे मात्र मला श्रोत्यांनाच विचारावे लागे.

तंबोरा मिरजेचा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातील फरीदसाहेबांनी त्या गावी तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला, आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तो धंदा तेथे स्थिरावला. ज्या हातांनी तलवारी घासल्या त्याच हातांच्या पुढल्या पिढ्या घोडीवर कानस चालवू लागल्या, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी तुणीच्या लाकडाची, आणि घोडीवर हाडाची पट्टी. सारी करामत त्या पट्टीच्या सूक्ष्म उतारात आहे. तार तिला धड टेकतही नाही आणि धड सुटतही नाही. मध्ये सुताचा एक धागा सरकवून ती नेमक्या जागी आणली म्हणजे जो झंकार सुटतो, ती जवारी.

परंतु तारांच्या नित्य घर्षणाने पट्टीवर चर पडतात आणि आवाज बसतो. मित्राच्या मागे पहिल्याच पावसाळ्यात तंबोरा असा बसला, की सूत कितीही मागेपुढे केले तरी लाकडावर टिचकी मारल्यासारखा बोलू लागला. मिरजेला जाणे भाग होते, तरी मी वर्षभर टाळाटाळ केली. ते चर त्याच्या गाण्याखाली पडले होते, आणि कानस त्यांना ठेवणार नव्हती. खुळचट विचार खरा. चर माझ्याच बोटांनी पाडलेले होते.

अखेर गेलो. दर्ग्याच्या बाजूने चालताना, 1937 साली निवर्तलेले अब्दुल करीम खाँसाहेब इथेच विसावले आहेत आणि तंबोरा जुळवण्यात त्यांचा कान किती हट्टी होता, याचे स्मरण झाले आणि थोडा धीर आला. कारागीर वयस्क होते. त्यांनी तारा सैल केल्या, घोडी तिरप्या उजेडात धरून न्याहाळली आणि विचारले, "गाणार कोण? पट्टी कोणती?"

पट्टीवाचून जवारी काढता येत नाही, हे मला ठाऊक होते. तरीही उत्तर तयार ठेवून मी गेलो नव्हतो.

"काळी एक," मी म्हणालो.

कानस चालू लागली. पांढरी भुकटी त्यांनी दोनदा फुंकरीने उडवली, तारा चढवल्या, तंबोरा माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "जरा गाऊन बघा."

"मी गात नाही. मी मागे बसतो."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, काही विचारले नाही. "मग धरा," म्हणाले. आणि फळीवरचे सुताचे रीळ घेण्यासाठी पाठ फिरवून उभे असतानाच त्यांनी हलकेच षड्ज लावला. मी त्यांच्या मानेकडे पाहत मधले बोट पंचमावर ठेवले.